सरकारी पगारावरचे वकील आणि विनामोबदला कायदेशीर मदत : नाशकात काय करता येईल?

विधीवाट

नमस्कार मंडळी. मी नाशकात एका निमसरकारी संस्थेत पूर्णवेळ विधी अधिकारी आहे. आमच्यासारखे या शहरात बरेच आहेत. कोणी जिल्हा परिषदेत, कोणी महापालिकेत, कोणी महामंडळांच्या आणि विद्यापीठांच्या विधी शाखेत. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले सहायक सरकारी अभियोक्ते वेगळेच. कायद्याचा कागद रोज हाताखालून जाणारी ही माणसं शनिवार-रविवार मोकळी असतात. आणि याच शहरात, जुन्या सीबीएस बसस्थानकासमोर कोर्टाच्या आवारात, हातात नोटीस धरून उभी असलेली माणसं रोज दिसतात. त्या नोटिशीत काय लिहिलंय, मुदत कधी संपते, कुठे जायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. या दोघांची गाठ घालता येईल का, यावर तुमचं मत हवंय.

आधी अडचण सांगतो, कारण ती मोठी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ म्हणतो की पूर्णवेळ पगारी नोकरी असेपर्यंत वकिली करता येत नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांना वकीलपत्र घेता येत नाही, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून त्यात सवलतही मिळत नाही. हिमाचलच्या वीज मंडळातल्या एका विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात, सतीशकुमार शर्मा निकालात, २००१ साली सुप्रीम कोर्टाने हा नियम ठामपणे लागू केला. सरकारी अभियोक्त्यांचं थोडं निराळं आहे. २०१३ च्या दीपक अग्रवाल निकालानुसार शासनाच्या वतीने कोर्टात उभे राहणारे पूर्णवेळ अभियोक्ते वकीलच राहतात. पण त्यांचा पक्षकार एकच, शासन.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या नियम १६ नुसार खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करायला पूर्वपरवानगी लागते. मात्र सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम, नेमून दिलेल्या कामात अडथळा न आणता, करायला त्याच नियमात वाट ठेवलेली आहे. (महामंडळं, विद्यापीठं यांचे सेवानियम स्वतंत्र असतात, ते ज्याने त्याने पाहावेत.)

अमेरिकेत केंद्र सरकारच्या वकिलांपुढे हाच प्रश्न होता. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश क्रमांक १२९८८ काढून खात्यांना सांगितलं की तुमच्या वकिलांना स्वतःच्या वेळात विनामोबदला काम करायला उत्तेजन द्या. न्याय खात्याने वर्षाला ५० तासांचं ऐच्छिक उद्दिष्ट समोर ठेवलं. सोबत अटी घातल्या: सरकारविरुद्धचं प्रकरण घ्यायचं नाही, पदाचं नाव वापरायचं नाही, खात्याचं लेटरहेड वापरायचं नाही. त्यामुळे वॉशिंग्टनमधले हे वकील गरीब म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं करून देतात, घरमालक-भाडेकरूंचे तंटे पाहतात. तिथलं सगळं इथे जसंच्या तसं चालणार नाही, नियम ४९ तर आडवा येतोच. पण हद्द आखून काम करता येतं एवढं त्यातून दिसतं.

माझं म्हणणं असं आहे. कोर्टात उभं राहणं हा कायदेशीर मदतीचा शेवटचा टप्पा. त्याच्या आधीचं काम, म्हणजे कागद वाचून दाखवणं, मुदत सांगणं, माणूस कोणत्या दारात जायला हवा ते सांगून तिथवर पोचवणं, हे आम्हाला करता येईल. आणि ते सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या छत्राखाली व्हावं, ज्याच्या-त्याच्या घरी नको. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ

चांगला विषय. पण सरकारी खर्चाने वकील मिळतोच ना? मग ही वेगळी व्यवस्था कशाला? आणि तो वकील नेमका कोणाला मिळतो?

विधीवाट

@गोदाकाठ, मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. म्हणजे नाशिक जिल्ह्यातली कोणतीही बाई, श्रीमंत असो वा गरीब, मोफत वकील मागू शकते. हे ऐकून माझ्या कार्यालयातल्या शिकल्या-सवरलेल्या बायकांनाही नवल वाटतं. व्यवस्था आहे, पण माणूस तिच्यापर्यंत पोचत नाही. मी बोलतोय ते या मधल्या अंतराबद्दल.

जुनी_सनद

जिल्हा न्यायालयात वकिली करतो, बरीच वर्षं झाली. हेतूबद्दल शंका नाही, पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो.

पहिली. तुम्ही म्हणता कोर्टात उभे राहणार नाही, फक्त सल्ला देणार. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ए. के. बालाजी प्रकरणात, परदेशी वकिलांच्या संदर्भात का होईना, सांगितलंय की कायद्याचा व्यवसाय म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कोर्टाबाहेरचा कायदेशीर सल्लाही त्यात येतो. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित असलेल्या माणसाने ‘तुमची केस अशी लढा’ असं सांगत बसणं मला पटणार नाही. कागद वाचून अर्थ सांगणं वेगळं, धोरण ठरवून देणं वेगळं. ही रेघ तुम्हाला रोज पाळावी लागेल.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ‘साहेब’ या शब्दाचं वजन फार आहे. महापालिकेचा विधी अधिकारी एखाद्या भाडेकरूला मदत करतोय म्हटल्यावर घरमालकाला वाटणार की महापालिका त्याच्या मागे आहे. खुद्द भाडेकरूलाही तसंच वाटेल. तुम्ही पद सांगितलं नाही तरी नाशकात कोण कुठे कामाला आहे ते लोकांना माहीत असतं. म्हणून आपल्या खात्याचा ज्या विषयाशी दुरूनही संबंध येतो त्या विषयाला हात लावायचा नाही. मग उरतं किती, ते पाहा.

सातपूरकर

उरतं बरंच, दादा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या कंत्राटी कामगाराचं भांडण खासगी ठेकेदाराशी असतं. पीएफ कापला पण भरला नाही, ग्रॅच्युइटी अडकवली, काढून टाकताना पत्रच दिलं नाही. यात सरकार समोरची बाजू नसतं. माणसाला एवढंच हवं असतं की पगाराच्या स्लिपा, हजेरीकार्ड, बँकेचं पासबुक यातलं काय जपून ठेवायचं आणि कोणत्या कार्यालयात जायचं. हे सांगायला कोणी बसलं तर शिफ्ट सुटल्यावर रांग लागेल.

रानपाखरू_पेठ

पेठ तालुक्यातून लिहितोय. वर शहरातलं बोलणं चाललंय, आमच्याकडचंही ऐका.

आमच्या पाड्यांवर माणसाचं शेजाऱ्याशी भांडण कमी आणि सरकारी खात्याशी जास्त. वनहक्काचा दावा, निराधारांचं अनुदान, रेशनकार्डात नाव, जातीचा दाखला. २००६ चा वनहक्क कायदा आला, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो जमीन कसतो त्याचा हक्क मान्य करायचं ठरलं. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीत, मग जिल्हा समितीत. खालच्या पायरीवर नाकारला तर वरच्या पायरीवर ६० दिवसांत दाद मागता येते. आता प्रत्यक्षात काय होतं? एक ओळीचं पत्र येतं, ‘पुराव्याअभावी अमान्य’. घरात ते वाचणारा मुलगा बाहेरगावी द्राक्षाच्या बागेत कामाला गेलेला. म्हातारा ते पत्र पत्र्याच्या पेटीत ठेवतो. कोणी विचारायला येईपर्यंत ६० दिवस कधीच उलटलेले असतात.

आणि पुरावा नव्हता असंही नसतं. नियम १३ मध्ये सरळ लिहिलंय की गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं सांगणं चालतं, शेतातले बांध, घर, जुनी विहीर, स्मशानाची जागा, हे सगळं चालतं. फक्त एकाहून जास्त पुरावे जोडायला लागतात. म्हाताऱ्याच्या शेतात बांध आहेत, पाड्यात त्याच्याहून मोठी दोन माणसं जिवंत आहेत. पण हे पुरावे म्हणून कागदावर मांडायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लोक चालत गेले, त्यात पेठ-सुरगाण्याची माणसं होती, आणि वनहक्क ही त्यांची मोठी मागणी होती. २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, त्याच महिन्याअखेर तो स्थगित झाला. मधले दिवस इकडे कसे गेले ते आम्हाला विचारा.

म्हणून विधीवाट साहेब, माझा प्रश्न सरळ आहे. आमचं सगळं भांडण सरकारशी. तुम्ही सरकारच्या पगारावर. तुमच्या त्या अमेरिकेतल्या नियमातसुद्धा सरकारविरुद्ध काम करायचं नाही असंच आहे. मग आम्हाला तुमचा उपयोग काय?

विधीवाट

@रानपाखरू_पेठ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड. दिवसभर विचार करून लिहितोय.

वनहक्काच्या अपिलात तुमच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही, अर्जावर माझं नाव येऊ शकत नाही, आणि समितीत बसलेल्या अधिकाऱ्याला मी फोन करणंही गैर ठरेल. पण ‘तुमचं पत्र अमुक तारखेचं आहे, कायद्याने ६० दिवस दिलेत, ती मुदत अमुक दिवशी संपते, नियम १३ मध्ये हे हे पुरावे लिहिलेत, आणि तुम्ही अनुसूचित जमातीचे आहात म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे’ हे सांगण्यात सरकारविरुद्ध काहीच नाही. वनहक्क कायदा हा सरकारनेच राबवायचा कायदा आहे. त्यातला मजकूर नागरिकाला वाचून दाखवणं सरकारी नोकराला वर्ज्य असेल तर मग त्या कायद्याचं काय करायचं?

त्यापुढचं काम, म्हणजे अपील लिहिणं आणि मांडणं, प्राधिकरणाच्या यादीतल्या, पॅनेलवरच्या वकिलाचं. माझं काम तो माणूस मुदतीच्या आत त्या वकिलासमोर बसेल एवढं पाहायचं.

जुनी_सनद

हे पटलं. मी स्वतः प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे म्हणून अनुभवाने सांगतो, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फाइलींत पहिलं पान विलंबमाफीच्या अर्जाचं असतं. मूळ मुद्दा चांगला असतो, पण आधी ‘उशीर का झाला’ यावरच तारखा जातात. पत्र आल्यापासून पंधरवड्यात कोणीतरी ते नीट वाचून तारीख लिहून दिली तर आमचं निम्मं काम सोपं होईल. पेठच्या दादांनी सांगितलेला पेटीतला कागद मी पाहिलेला आहे. त्याच्यावर पाण्याचे डाग असतात आणि आवक तारीख वाचता येत नाही. पाकीट टाकून दिलेलं असतं, त्यामुळे पोस्टाचा शिक्काही गेलेला.

निवांत_नाना

मी सरकारी अभियोक्ता म्हणून निवृत्त झालो. सेवेतल्या अभियोक्त्यांसाठी थोडं लिहितो, कारण त्यांचं विधी अधिकाऱ्यांपेक्षा जास्त जपून आहे.

फौजदारी प्रकरणाला सेवेतल्या अभियोक्त्याने बाहेर हात लावूच नये. आरोपीच्या बाजूने तर प्रश्नच नाही, पण पीडिताच्या बाजूनेही नको. समजा शनिवारी शिबिरात एक मुलगी आली, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली, तुम्ही तिला चार गोष्टी समजावल्या. दोन महिन्यांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे आधीच्या ४९८-अ खाली, तिच्या फिर्यादीचं दोषारोपपत्र तुमच्याच टेबलावर आलं. आता उलटतपासणीत बचावाचा वकील तिला विचारणार, ‘फिर्याद द्यायच्या आधी तुम्ही सरकारी वकिलांना भेटला होता ना?’ त्या मुलीचं भलं करायला गेलात आणि तिचीच केस कच्ची केलीत. म्हणून कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण दिसलं की संरक्षण अधिकाऱ्याकडे आणि प्राधिकरणाच्या वकिलाकडे पाठवायचं, एवढंच.

मग अभियोक्त्याने काय करावं? मृत्युपत्राची माहिती. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. एवढं माहीत नसल्यामुळे घरं फुटलेली मी पाहिली आहेत. दुसरं, ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा अर्ज. २००७ च्या कायद्याखाली तो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो आणि आई-बाप स्वतः करू शकतात, वकील लागत नाही. अर्ज साधा आहे. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज लिहिताना म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो. शेजारी बसून धीर देत तो भरून घ्यायला माणूस लागतो, आणि तो माणूस कायदा जाणणारा असला तर बरं.

आणि निवृत्तांना माझी कळकळीची विनंती. नियम ४९ नोकरी असेपर्यंतच असतो. निवृत्तीनंतर सनद पुन्हा सुरू करून पॅनेलवर जाता येतं, किंवा प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक होता येतं. स्वयंसेवकांच्या योजनेत निवृत्त सरकारी नोकर, शिक्षक, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी यांची नावं मुद्दाम घातलेली आहेत. गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्यांत निवृत्त कायदेवाले काय कमी आहेत?

गोदाकाठ

नाना, आणि ते लोकअभिरक्षक म्हणून जे नवीन कार्यालय झालंय, ते पण हेच का?

निवांत_नाना

नाही. लोकअभिरक्षक हे प्राधिकरणाने पूर्णवेळ नेमलेले, मानधन घेणारे वकील. २०२२ च्या योजनेतून आले. अटकेपासून अपिलापर्यंत गरीब आरोपीचा बचाव हे त्यांचं काम, खासगी प्रकरणं त्यांना घेता येत नाहीत. नाशिकरोड कारागृहातल्या कच्च्या कैद्याचा जामीन अडलाय असं कोणी सांगितलं तर थेट त्यांच्याकडे पाठवा. ती त्यांची नोकरी आहे. इथे बोलणं चाललंय ते पगाराबाहेरच्या कामाचं.

कळवणची_ताई

सगळं वाचलं. मी अंगणवाडीत काम करते. आत्ताच एक गरज आहे म्हणून विचारते. आमच्या शेजारी एक विधवा आजी आहेत. नवऱ्याच्या नावची जमीन पुतण्यांनी आपल्या नावावर करायला फेरफार टाकलाय. तलाठ्याकडची नोटीस आली आहे. आजी म्हणतात मी अंगठा दिलेला नाही. आता काय करायचं? नोटीस येऊन आठवडा झाला.

जुनी_सनद

ताई, वेळ आहे, पण उद्याच जा. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत घेता येते. साध्या कागदावर लिहा: फेरफार क्रमांक, गट क्रमांक, ‘मी मयताची पत्नी व वारस आहे, या नोंदीस माझी संमती नाही, माझी हरकत आहे’. आजींचा अंगठा, खाली ओळख पटवणाऱ्याची सही. पतीच्या मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्डाची प्रत जोडा. हरकत आली की तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-अ मध्ये, चढवायची असते आणि लगेच लेखी पोच द्यायची असते. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मग मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतील. निर्णय विरुद्ध गेला तर प्रांतांकडे ६० दिवसांत अपील.

विधीवाट

ताई, आजी महिला आहेत, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागणार नाही. कळवणच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे मोफत वकिलाचा अर्ज द्या. जाण्याआधी १५१०० या क्रमांकावर विचारता येईल. आणि नोटिशीचा, पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, शिक्का दिसेल असा.

बाकी मंडळींना सांगायचं म्हणजे, प्राधिकरणाच्या सचिवांना देण्यासाठी मी पत्राचा मसुदा करतोय. मजकूर थोडक्यात असा: इच्छुक विधी अधिकारी सुट्टीच्या दिवशी प्राधिकरण सांगेल त्या जागी बसतील, वकीलपत्र नाही, मसुदे नाहीत, फक्त कागद वाचणं, मुदत लिहून देणं आणि पॅनेलवर पाठवणं, स्वतःच्या खात्याशी संबंध येणारं प्रकरण दुसऱ्याकडे, आलेल्या प्रत्येकाची नोंद प्राधिकरणाच्या वहीत. मृत्युपत्र आणि ज्येष्ठांचा अर्ज यासाठी नानांसारखे निवृत्त लोक वेगळे बसतील. ज्यांना यायचंय त्यांनी आधी आपल्या कार्यालयाला लेखी कळवावं आणि त्याची प्रत मला व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवावी. परवानगीवाचून कोणी येऊ नये.

रानपाखरू_पेठ

त्या पत्रात एक ओळ घाला साहेब. बसायची जागा फक्त नाशकात नको. सुरगाण्याच्या माणसाचा एसटीने येण्या-जाण्यात दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. आमच्याकडे आठवडे बाजाराच्या दिवशी सगळे पाडे खाली उतरतात, तेव्हा या. बाजार तुमच्या सुट्टीच्या दिवशी नसेल तर नाना आणि इतर निवृत्त मंडळी येऊ शकतील. आणि आमच्या बोलीत समजावणारा माणूस सोबत लागेल, तो मी देतो. दोन पोरं आहेत, बारावी झालेली, त्यांना विधी स्वयंसेवक म्हणून नोंदवून घ्या.

विधीवाट

ओळ घातली. त्या मुलांना स्वयंसेवकाच्या अर्जासाठी शिक्षणाची आणि ओळखीची कागदपत्रं तयार ठेवायला सांगा.

कळवणची_ताई

हरकत दिली. पोच मिळाली, तारखेसकट. समितीचा अर्ज सोमवारी देते.